घरच्या पाण्यातील ईथर

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसला लागूनच, सँटा मोनिका नावाचे शहर आहे. समुद्र दाराशी असला तरी या शहराची तहान बव्हंशी भागवीत ती त्याच्या स्वतःच्या विहिरी. १९९५ च्या ऑगस्टमध्ये चार्नॉक येथील विहिरींची नेहमीची तपासणी चालू असता पाण्यात एक परका पदार्थ आढळला. पुढे त्याचे प्रमाण वाढतच गेले. ते लिटरमागे ६०० मायक्रोग्रॅमच्याही वर पोहोचले, आणि जून १९९६ पर्यंत तेथील सगळ्या विहिरी बंद कराव्या लागल्या. अवर्षण नव्हते, झरे आटले नव्हते. तरीही शहराचे जवळजवळ निम्मे पाणी गेले आणि ते बाहेरून विकत घेण्याची पाळी आली.

हा पदार्थ म्हणजे मेथिल टर्शरी ब्यूटिल ईथर. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला नुसते ईथर म्हणू. मी रसायनशास्त्रज्ञ नव्हे. माझे निम्मे आयुष्य सरकारी कागद वाचण्यात गेले, आणि या ईथरची कथा मला प्रथम आकर्षक वाटली ती त्यातील कागदांमुळेच.

मोटारीचे इंजिन ठोके देऊ नये म्हणून पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत. शिसे विषारी, म्हणून ते काढावयाचे ठरले आणि १९७९ पासून अमेरिकेत त्याच्या जागी हे ईथर येऊ लागले. १९९० साली तेथील हवेच्या शुद्धतेचा कायदा सुधारण्यात आला. ज्या शहरांची हवा विशेष दूषित, तेथील पेट्रोलमध्ये वजनाने निदान २ टक्के ऑक्सिजन असावा, म्हणजे ज्वलन पुरते होऊन धूर कमी विषारी होईल, असा त्यामागील हेतू होता. हेतू उत्तम होता. कायद्याने ईथरचे नाव घेतले नव्हते. ऑक्सिजन कोणत्या रूपाने घालावयाचा हे कारखानदारांवर सोपविले होते. मद्यार्कही चालला असता. परंतु मद्यार्क पाणी ओढून घेतो, नळांतून दूरवर पाठविण्यास तो अडचणीचा. ईथर मात्र कारखान्यातच मिसळून सुखाने रवाना करता येत असे. तेव्हा पेट्रोलच्या आकारमानाचा सुमारे ११ टक्के हिस्सा या ईथरने व्यापला. हवेची फाईल एका टेबलावर आणि पाण्याची दुसऱ्या टेबलावर असली म्हणजे काय होते, हे मला तरी कोणी समजावून सांगावयास नको!

पेट्रोल जमिनीखालच्या टाक्यांत साठविले जाते, आणि लोखंडी टाक्या कालांतराने गळतात. नुसते पेट्रोल गळले तर ते भूजलावर तवंगासारखे तरंगते. त्यातील बेंझीन काहीसे विरघळते, पण मातीला चिकटत, सूक्ष्म जंतूंच्या भक्ष्यस्थानी पडत ते मागे रेंगाळते. ईथरचे तसे नाही. ते बेंझीनच्या पंचवीसपटीहूनही अधिक विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही, बहुतेक जंतूंना सहजी पचत नाही. पाणी ज्या वेगाने झिरपते जवळजवळ त्याच वेगाने तेही चालू लागते. म्हणूनच गळती एका ठिकाणी आणि बिघडलेली विहीर भलत्याच ठिकाणी, असा प्रकार घडतो.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक कागदी हिशेब सांगतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ साली सांगितले की, लिटरमागे २० ते ४० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी ईथर असेल तर बहुतेकांना त्याची उग्र, टर्पेंटाइनसारखी चव वा वास जाणवणार नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८० ग्रॅम ईथर असे. ते सगळे समप्रमाणात मिसळले, तर ४० लाख लिटर पाणी त्या खालच्या मर्यादेपर्यंत पोहोचते. आरोग्याच्या दृष्टीने कॅलिफोर्नियाने २००० साली १३ मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा ठरविली. मोठ्या मात्रेने प्राण्यांत अर्बुदे आढळली. माणसाविषयी निश्चित निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही.

शहराला निदान अभियंते असतात, वकील असतात. परंतु न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यात असंख्य कुटुंबे अंगणातील खाजगी विहिरीवर राहतात, आणि १९७४ चा पेयजलाचा संघीय कायदा अशा विहिरींना लागूच नाही. तेथील गृहिणीने काय करावे?

आपल्याला प्रथम सुचेल ते पाणी उकळणे. ईथर ५५ अंशांवरच उकळते, तेव्हा ते पाण्यातून निघेल खरे, पण जाईल कोठे? स्वयंपाकघराच्या हवेत, आणि तेथून श्वासात. ऊन पाण्याच्या फवाऱ्याखाली स्नान करतानाही हेच होते. म्हणून नुसते पिण्याचे पाणी गाळून भागत नाही, घरात शिरणारे सगळेच पाणी शुद्ध करावे लागते. तुरटीचा वा क्लोरीनचा येथे उपयोग नाही.

उपाय आहे तो सक्रिय कोळशाचा, आणि त्यातही नारळाच्या करवंटीच्या कोळशाचा. आपल्या कोकणात जी करवंटी बंबाखाली सारली जाते, तिच्याच कोळशावर प्रक्रिया केली म्हणजे त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते, आणि दगडी कोळशापेक्षा ते ईथरला अधिक घट्ट धरते. तरीही ही पकड नाजूकच. बेंझीनसारखे दुसरे पदार्थ आले की ते ईथरला ढकलून जागा बळकावतात. कोळसा तृप्त झाला की ईथर सरळ पार होते. कधीकधी तर आत साठलेलेच सुटून, येणाऱ्या पाण्याहून जाणारे पाणी अधिक दूषित निघते. ईथरचे विघटन होऊन जे टर्शरी ब्यूटिल अल्कोहोल बनते, त्याला तर कोळसा जेमतेमच धरतो. ओट्यावरच्या लहानशा गाळणीवर विसंबणे किती धोक्याचे, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणून घरात कोळशाच्या दोन टाक्या एकीपुढे एक बसवितात, आणि दोहोंच्या मध्ये एक छोटी तोटी ठेवतात. सगळी मेख या तोटीत आहे. दुसऱ्या टाकीतून येणारे पाणी घर पिते. तपासणी मात्र मधल्या पाण्याची होते. तेथे ईथर दिसले की पहिली टाकी संपली असे समजून ती काढावयाची, दुसरी तिच्या जागी आणावयाची आणि नवी टाकी मागे लावावयाची. पाण्यात लोह असेल तर ते आधीच काढावे लागते, नाहीतर कोळसा बुजतो. आणि कोळशात जंतू वाढतात म्हणून शेवटी अतिनील किरणांचा दिवा लावतात.

कॅलिफोर्नियात २००४ च्या आरंभापासून पेट्रोलमध्ये या ईथरला बंदी झाली. २००५ च्या संघीय कायद्याने ऑक्सिजनची सक्तीच उठविली आणि २००६ मध्ये अमेरिकन तेल कंपन्यांनी ते घालणे जवळपास थांबविले. सँटा मोनिकाला मात्र चार्नॉकचे पाणी कोळशातून शुद्ध करून पुन्हा प्यावयास २०१०–११ साल उजाडावे लागले.

खाजगी विहिरीवरच्या कुटुंबाचे काम त्यानंतरही संपलेले नव्हते. मधल्या तोटीखाली लहानशी काचेची बाटली धरावयाची, ती काठोकाठ भरावयाची, झाकण लावल्यावर ती उलटी करून पाहावयाची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण ईथर त्या बुडबुड्यात निसटते आणि पाणी आहे त्याहून शुद्ध भासते. मग ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवावयाची, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा दुसरी भरावयाची.