मत, मोह आणि वसतिगृह

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार या शतकाच्या आरंभी विद्यापीठ अनुदान आयोगाने पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सर्व शाखांना अनिवार्य केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील पर्यावरण संस्थेत सिद्ध झाले. तेव्हापासून पदवीधरांच्या पिढ्या हरितगृह वायूंवर उत्तरे लिहून बाहेर पडल्या. पृथ्वी तापते आहे, हे आजच्या विद्यार्थ्याला पटवून द्यावे लागत नाही. मग त्याची खरेदी का बदलत नाही?

मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये सविस्तर मांडलेला सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. वर्तन केवळ मतातून घडत नाही; जवळच्या माणसांची अपेक्षा आणि ‘हे आपल्याला जमेल’ हा विश्वास, या दोहोंची जोड लागते. वसतिगृहातील पाण्याचे यंत्र महिनाभर बंद असेल, तर उत्तम मताचा विद्यार्थीही प्लॅस्टिकची बाटली विकत घेतो. सारा गट सवलतीच्या दिवशी नवे कपडे मागवत असता जुना सदरा रफू करून घालणारा थट्टेचा विषय होतो. अशा मुलाला दांभिक म्हणणे वडीलधाऱ्यांना सोपे जाते, पण ते न्याय्य नव्हे.

एक सबब मात्र तपासलीच पाहिजे. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो, अमेरिकन माणसामागे सुमारे १४ टन. जागतिक मंचावर भारताने हा मुद्दा ठणकावून मांडावा, यात शंका नाही. परंतु त्या २ टनांच्या सरासरीत मेळघाटातील झोपडीही धरलेली असते. वातानुकूलित खोलीतला तरुण ही सरासरी पुढे करतो, तेव्हा तो गरिबाच्या काटकसरीवर स्वतःचा उपभोग झाकत असतो.

त्याच वातानुकूलन यंत्राचे पाहा. २०२० पासून नवी यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर असावीत, असा नियम झाला. तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. ज्याला हवामानाविषयी काहीच मत नाही, त्याचीही वीज येथे वाचते! तेव्हा छात्रसंघटनांनी भाषणांची संख्या थोडी कमी करून भोजनालयाच्या समितीत जावे. प्रथम अर्धेच ताट वाढले जावे, हवे त्याने पुन्हा घ्यावे. जूनमध्ये जुन्या पुस्तकांची अदलाबदल व्हावी. आठवड्यातून एक दिवस वसतिगृहाच्या दारात शिंपी बसावा. आणि पाण्याचे यंत्र त्याआधी दुरुस्त व्हावे.