टोल्यापासून विरण्यापर्यंत



अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलेल्या कुणालाही विचारा, रांगेत डोळे मिटून उभं राहिलं तरी घंटा कुठली, पेटी कुठली हे कळतं. कशावरून? पिएर शेफर या फ्रेंच संगीतकारानं १९४८ मध्ये घंटेच्या ध्वनिमुद्रणातून टोल्याचा क्षण तेवढा काढून टाकला. मागे नुसता नाद उरला, आणि तो घंटेचा वाटेना! वाद्याची ओळख पुष्कळशी आवाज उठतो कसा आणि विरतो कसा यातच असते.

सिंथेसायझरवर हे काम एन्व्हलपचं. त्याचे चार नॉब. स्वर पुरता चढायला लागणारा वेळ म्हणजे अटॅक, चढून खाली यायचा वेळ डिके, बोट काढल्यावर विरायचा वेळ रिलीज. सस्टेन मात्र वेळ नव्हे, पातळी आहे. बोट दाबलेलं असेतो आवाज कितीवर थांबावा, एवढंच तो ठरवतो. नवशिके हमखास इथेच अडतात.

घंटाच करून पाहा. अटॅक शून्य, सस्टेन शून्य, डिके चार-पाच सेकंद. वाजवा. बोट उचलताच आवाज तुटतो, टोला पडल्यावर कुणी घंटा तळहातानं धरावी तसा. कारण रिलीज शून्यावर राहिला. तोही डिकेइतका लांबवा, मग ती घुमते. पेटीचं उलट: सस्टेन पूर्ण, रिलीज अगदी थोडा.

आपल्याकडचे की-बोर्डवाले म्हणतात, संथ गाण्यात गोड लागणारा स्ट्रिंग्जचा टोन जलद चालीत दबतो. हिशेब करा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत अर्धी मात्रा २५० मिलिसेकंदांची. अटॅक ४०० असेल, तर स्वर चढायच्या आतच संपतो. आवाज वाढवून काही होत नाही. अटॅक ३०-४० वर आणा.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून रेकॉर्ड काढली. तिच्यात वाजलेल्या रोलँड टीबी-३०३ या बेस सिंथेसायझरवर या चारांपैकी डिकेचा एकच नॉब आहे, आणि तोही आवाजाच्या पातळीवर नव्हे, तर त्याचा उजळपणा ठरवणाऱ्या फिल्टरवर चालणारा. तेवढ्यावर त्यांनी त्या रागांची खर्जातली साथ उभी केली.

म्हणून तरुण वादकांना माझं सांगणं आहे, संबळ-तुणतुण्याचे आयते टोन मागत फिरू नका. सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथेसायझर मोफत मिळतो. त्यात कोरा पॅच उघडा आणि आधी एन्व्हलपला हात घाला.