रंग जिवंत असेल तर



नवरात्रात आपण घट बसवतो. काळ्या मातीत गहू, ज्वारी पेरतो. नऊ दिवसांत धान उगवतं, दसऱ्याला ते केसांत खोवतो. रोज पाणी कोण घालणार, हेही घरात ठरलेलं असतं.

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात २०१९च्या शिवजयंतीला मंगेश निपाणीकर यांनी सहा एकर रानात बी पेरून शिवाजी महाराजांचं चित्र उगवलं. बांधावरून बघितलं तर नुसती हिरवळ, उंचावरून बघितलं की महाराज! रांगोळी काढली की झाली. पेरलेलं चित्र मात्र वाढतं, पाणी मागतं, शेवटी वाळतं.

परदेशात काही कलाकार तर प्रयोगशाळेत शिरलेत. २००८ साली न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयात उंदराच्या पेशींपासून वाढवलेला इवलासा कोट ठेवला होता. ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झुर या कलाकारांना विचारायचं होतं, की जनावर न मारता कातडं मिळेल का? पण कोट इतका वाढत सुटला, की त्याचं पोषण बंद करावं लागलं. म्हणजे तो मारलाच. शिवाय अशा पेशी वाढवायला बहुतेक वेळा वासराच्या रक्तातलं द्रव्य लागतं.

हे आपल्यापासून लांबचं वाटतं का? प्रयोगशाळेत जनुक घातलेला बीटी कापूस २००२ पासून आपल्या देशात पेरला जातो. नांदेडच्या शिवारातही तो बायाच वेचतात. पण बियाणं बदलताना वेचणारीला कुणी विचारलं होतं?

म्हणून आम्हाला वाटतं, कलाकार असो की कंपनी, जिवंत वस्तू हाती घेणाऱ्याला आपण तीन गोष्टी विचाराव्यात. पाणी कुणाच्या वाट्याचं? राबणार कोण? आणि काम संपल्यावर त्या जिवाचं काय? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिला प्रश्न आपण नाही विचारायचा, तर कुणी?

पुढच्या बैठकीआधी एक करून बघा. किराणा दुकानातलं, औषध न लावलेलं अळीव आणा. ताटात ओलं सुती कापड पसरून त्यावर अळिवानं मोर, पणती, काहीही काढा. रोज पाणी शिंपडा. आठवडाभरात चित्र हिरवं होईल. मग त्याची कोशिंबीर करायची, की आणखी वाढू द्यायचं, हे गटानं मिळून ठरवा. काय ठरलं आणि कुणाचं का पटलं नाही, ते आम्हाला जरूर कळवा.