जीपची तिरकी चाल

रानवाटेवर राबणाऱ्या जीपगाडीविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. गाडी सरळ धावत असते, पण स्टीअरिंगचे चाक एका बाजूस वळलेले असते. मिस्त्री पुढच्या दांड्या कमीजास्त करून ते सरळ बसवून देतो. मालकाचे समाधान होते. परंतु पहिल्याच पावसात, घाटाच्या निसरड्या वळणावर, गाडीची मागची बाजू पूर्वीसारखीच एकीकडे सरू लागते. दोष पुढे दिसतो. मूळ मात्र पुष्कळदा मागे असते.

विलीज कंपनीने १९४५ साली नागरी वापराची जीप काढली. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत त्याच घराण्यातील गाड्यांची जुळणी केली. या जीपचा मागचा आस अखंड असून तो दोन कमानींना यू-बोल्टांनी आवळलेला असतो. कमानीच्या पात्यांतून गेलेल्या सेंटर बोल्टाचे डोके आसाच्या बैठकीतील भोकात बसते. आसाची जागा हा लहानसा बोल्ट राखतो. यू-बोल्ट सैल पडले की दगडधोंड्यांचा प्रत्येक हिसका त्याच्यावर येतो. अखेर तो तुटतो आणि आस एका अंगाने मागे सरकतो.

डावे टोक केवळ अर्धा इंच सरकले, तरी मागची चाके पुढच्या चाकोरीच्या सुमारे पाऊण इंच डावीकडून धावतात. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

परीक्षा सोपी आहे. सपाट, धुळीच्या जागेवर गाडी सरळ चालवावी व ठसे पाहावेत. मागचे ठसे पुढच्यांवर बरोबर पडले नाहीत, तर मोजपट्टी काढावी. चाके सरळ ठेवून चारही चाकांच्या मध्यांतून ओळंबा सोडावा, जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि दोन्ही बाजूंची पुढची-मागची अंतरे मोजावीत. लहान जीपमध्ये ते अंतर ८० इंच असते. मात्र दोन्हीकडे ते सारखे भरणे अधिक महत्त्वाचे.

फरक आढळला, तरी लगेच मागच्या आसावर ठपका ठेवू नये; पुढचा आसही सरकलेला असू शकतो. म्हणून चासीवरील कमानींच्या पक्क्या खिळींपासून प्रत्येक आसाचे अंतर स्वतंत्र घ्यावे. चासीचे दोन्ही कर्णही मोजावेत. कर्ण असमान असतील, तर चासीच वाकलेली आहे. कर्ण समान असून मागच्या आसाचे अंतर विषम असेल, तर सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि कमानीच्या पुढच्या डोळ्यातील बुश तपासावा.

तुटलेला बोल्ट बदलावा, यू-बोल्ट नवे घालावेत आणि थोडे मैल चालवून पुन्हा आवळावेत. खर्च फार नाही. पण स्टीअरिंग सरळ करून मूळ दोष झाकला, तर सैल आस तसाच राहतो. आणि घाटात गाडीतील माणसांचा भार त्याच आसावर असतो.