कोलेस्टेरॉलची गोळी आणि सोबतची औषधं

रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातली औषधं हृदयविकाराचा धोका कमी करतात. पण विशेषतः मात्रा मोठी असेल, तर सोबतच्या औषधांकडे लक्ष हवं.

सिमव्हास्टॅटिन आणि अटोरव्हास्टॅटिन यांचा निचरा यकृत आणि आतड्यांतल्या एका विकरामुळे होतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा बुरशीवरचं इट्राकोनॅझोल त्या विकराचं काम रोखतं. मग स्टॅटिन रक्तात साठत जातं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. क्वचित स्नायू विरघळून मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत मजल जाते. स्नायूंच्या या धोक्यामुळेच अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जून 2011 मध्ये सांगितलं, की 80 मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन नव्या रुग्णांना सुरू करू नये. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल, तर सिमव्हास्टॅटिनची मर्यादा रोज 20 मिलिग्रॅम आहे. ग्रेपफ्रूटचा रसही त्या विकराचं काम रोखतो. त्याच्याच कुळातलं पपनस आवडीने खात असाल, तर डॉक्टरांना विचारून घ्या.

दाढदुखी असो वा नायटा, नव्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. विनाकारण स्नायू दुखू लागले, अशक्तपणा आला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मात्र घाबरून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती तुमच्या हृदयाची राखण करते आहे.