कागद कुणी लिहिला?

इतिहासाच्या पेपरात जुना उतारा देऊन विचारतात, ‘हे साधन कितपत उपयोगी?’ आपण पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव घेऊ. १२ मे १८७५ रोजी तिथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. अहवालाने दोष सावकारांवर ठेवला, सरकारने वाढवलेल्या शेतसाऱ्यावर नाही. मग अहवाल निरुपयोगी? नाही. आयोगाने शेतकऱ्यांच्या जबान्याही नोंदवल्या. शिवाय सरकारला काय कबूल करायचं नव्हतं, तेही त्यातूनच दिसतं. म्हणून आपल्या लेकींना सांगूया: कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, काय वगळलं, हे उत्तरात लिही. कर्जाच्या कागदावर सही करताना आपणही हेच विचारूया.