सुरीची जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



घरातील चाकू-सुऱ्या कशा ठेवाव्यात या विषयावर मी बोलणार आहे असे कळल्यावर आपल्यातल्याच एकीने विचारले, "अहो, त्यात बोलायचे ते काय? सुरी घ्यावी, भाजी चिरावी, सुरी ठेवून द्यावी!" मी म्हटले, "ठेवून द्यावी खरी, पण कुठे?" त्या वेळी आम्ही पाचजणी बसलो होतो. प्रत्येकीला मी एकच प्रश्न केला : तुझी सुरी या घटकेला कुठे आहे? एक म्हणाली, खणात असेल. दुसरी म्हणाली, भांड्यांच्या जाळीत. तिसरी म्हणाली, ओट्यावर भाजीच्या देठांखाली. चौथी म्हणाली, सकाळी पार्सल फोडायला मुलाने नेली ती अजून परत आलेली नाही. पाचवी नुसतीच हसली. पाचांपैकी एकीलाही खात्रीने सांगता आले नाही. म्हणून हा विषय मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

आपल्या आज्या-सासवांच्या काळी हा प्रश्न फारसा नव्हता, कारण त्यांच्या हाती विळी होती. कोकणात तिला कोणी आडाळो म्हणतात, गोव्यात आदोळी म्हणतात. नाव काही असो, विळीचे एक वैशिष्ट्य आहे. तिला स्वतःची पाटली असते. पाटलीवर पाय दाबून बसले की दोन्ही हात भाजीला मोकळे, आणि काम झाले की पाते मिटून ती भिंतीशी सरकवायची. विळी आपली जागा आपल्याबरोबर घेऊन येते. माझ्या सासूबाईंचा तर दंडकच होता की, पाते मिटल्याशिवाय विळीवरून उठायचे नाही, मग दारात कोणीही हाक मारो. अशा साध्यासुध्या वस्तूही किती विचाराने घडवल्या जात हे पाहावयाचे असेल, तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन तिथले जुने अडकित्ते आणि घरगुती वस्तू जरूर पाहाव्यात.

पुढे स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर आला. आपण उभ्याने काम करू लागलो आणि विळीच्या जोडीला सुरी आली. सुरी हलकी, सुटसुटीत, पण तिला पाटली नाही. आपण तिला जागा दिली नाही, तर ती मिळेल तिथे पडते. आणि ती कुठे पडली आहे, हे पुष्कळदा दुसऱ्याच्या हाताला कळते.

हे मी ऐकीव सांगत नाही. 1994 सालच्या श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे सवाष्णी जेवायला होत्या. पंचवीस-तीस पाने उठली. कोशिंबिरीसाठी काकड्या चिरलेली सुरी मी घाईघाईने मोरीतल्या घमेल्यात टाकली. वर साबणाचा फेस, खाली वाट्या-ताटल्या. भांड्यांना येणाऱ्या मावशींनी नेहमीप्रमाणे त्यात हात घातला, आणि तळहाताला अंगठ्याखाली खोल जखम झाली. पाच टाके पडले. डॉक्टरांनी दोन आठवडे हात पाण्यात घालू नका म्हणून बजावले.

औषधपाण्याचा खर्च आम्ही केला, आमच्याकडचा पगारही कापला नाही. तेवढ्याने माझे मन शांत झाले होते. पण महिनाअखेरीस कळले, मावशी आणखी चार घरी कामाला जात होत्या, त्या घरांनी खाडे धरले होते. म्हणजे सुरी मी टाकली, आणि चार घरांचा पगार गेला तो त्यांचा! मी ते पैसे देऊ लागले तर म्हणाल्या, "असू द्या बाई, माझाच हात घाईत गेला." भगिनींनो, त्या वाक्याने मी जितकी ओशाळले तितकी कोणाच्या रागावण्याने ओशाळले नसते. पैसे मी त्यांना घ्यायला लावले. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनाशी पक्की केली : सुरी ठेवताना, ती उचलणारा हात आपला नसेल असे धरून चालायचे.

एवढे एक सूत्र धरले की बाकीची व्यवस्था आपोआप सुचत जाते. आमच्या घरी मी जे केले ते क्रमाने सांगते.

पहिले काम मोजदादीचे. एका दुपारी सारे खण उपसले. लहानमोठी अकरा पाती निघाली, आणि रोजच्या वापरातली फक्त तीन! एक मोठी सुरी, एक फळांचा लहान चाकू आणि पावासाठी दातेरी सुरी. बोथट, डुगडुगत्या मुठीच्या, टोक मोडलेल्या सुऱ्या आपण उगीच सांभाळत बसतो. वस्तू कमी असल्या की त्यांना जागा पुरते.

दुसरा नियम धुण्याचा. सुरी घमेल्यात किंवा सिंकमध्ये कधीही टाकावयाची नाही. जिने चिरले तिनेच ती लगेच धुवायची, पात्याच्या पाठीकडून फडके धरून पुसायची आणि जागेवर ठेवायची. यात अर्धे मिनिटसुद्धा जात नाही. यात पात्याचाही लाभ आहे. लोखंडी पाते ओले राहिले की गंजते, आणि लिंबू-कैरीच्या आंबटाने काळे पडते. हॅरी ब्रिअर्ली या गृहस्थाने 1913 साली इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी, बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ धातू शोधताना, लोखंडात सुमारे 13 टक्के क्रोमियम घालून न गंजणारे पोलाद तयार केले, आणि ते पुढे सुऱ्यांच्या कामी आले. तरीही ते 'कमी गंजणारे' असेच समजावे. मिठाच्या, आंबटाच्या पाण्यात रात्रभर पडले तर त्यावरही ठिपके येतात. लोखंडी विळी बरेच दिवस वापरावयाची नसेल, तर कोरडी करून तेलाचे बोट फिरवून ठेवावी आणि पुन्हा वापरताना धुऊन घ्यावी.

तिसरा प्रश्न जागेचा. त्याला तीन-चार उत्तरे आहेत, ज्या घराला जे सोयीचे ते घ्यावे.

खणात ठेवावयाच्या असतील तर चमचे-डावांत मिसळू नयेत. धातूवर धातू आपटून धार मरते, आणि चमचा शोधणारे बोट पात्यावर जाते. प्रत्येक पात्याला म्यान करावे. त्याला बाजारात जावे लागत नाही. साडीच्या किंवा शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा, पात्यापेक्षा बोटभर रुंद दुमडावा, कडा आणि टोकाकडची बाजू चिकटपट्टीने बंद करावी. पुठ्ठा ओला झाला की बदलावा. खणात साऱ्या मुठी एकाच दिशेला, आपल्याकडे याव्यात.

लाकडी ठोकळा घेतला तर सुरी पूर्ण कोरडी करूनच आत घालावी, नाहीतर खाचेत ओल राहून बुरशी धरते. उभ्या खाचा असतील तर धार वरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे आत-बाहेर करताना ती लाकडावर घासत नाही.

भिंतीवर लोहचुंबकाची पट्टीही लावता येते. गंमत अशी की, आपल्या चांगल्या 18-8 स्टीलच्या डब्यांना लोहचुंबक सहसा चिकटत नाही, पण सुरीच्या स्टीलला चिकटतो. दोन्ही स्टील दिसायला सारखी, पण आतून निराळी. ही पट्टी मुलांच्या हातापासून उंच, पण आपल्याला टाच उचलावी लागणार नाही अशा बेताने लावावी. शेगडीच्या वर किंवा जाण्यायेण्याच्या वाटेवर लावू नये. सुरी लावताना आधी पात्याची पाठ टेकवावी.

आणि विळी? ती मिटून, ओट्याखाली एका ठरलेल्या कोपऱ्यात. रांगते मूल घरात असेल तर कडी असलेल्या कपाटातच.

चौथी गोष्ट धारेची. बोथट सुरी सुरक्षित, अशी पुष्कळ जणींची समजूत असते. ती चुकीची आहे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती टोमॅटोवरून घसरून बोटावर येते. म्हणून धार वेळच्या वेळी लावून घ्यावी आणि खाली लाकडी पाट घ्यावा. ओट्याच्या दगडावर किंवा स्टीलच्या ताटात चिरल्याने धार जाते. सुरी हातातून निसटली तर ती झेलावयाची नाही, मागे सरायचे. सुरी परत मिळते, बोट मिळत नाही!

आणि इतके करूनही कापलेच तर? वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम धुवावी, स्वच्छ कापड दाबून हात वर धरावा आणि दहा मिनिटे ते कापड उचलून पाहू नये. हळद, कॉफी भरू नये. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट बधिर वाटत असेल, तर तडक डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे.

आता शेवटचे, आणि आपण सर्वजणी विसरतो ते. अकरांपैकी आठ पाती मी टाकून देणार होते. पिशवीत घालून कचऱ्यात टाकली की आपले काम संपले, असे वाटले होते. मग लक्षात आले, घंटागाडीवरही माणसेच असतात, आणि कचरा निवडणाऱ्या बायांचे हात मावशींच्या हातासारखेच असतात. म्हणून पाती जाड पुठ्ठ्यात गुंडाळून दोऱ्याने आवळली, वर मोठ्या अक्षरांत 'आत धारदार पाते' असे लिहिले आणि भंगारवाल्याच्या हाती, सांगून दिली. फुटलेल्या काचेलाही हाच न्याय लावावा.

मावशी त्यानंतर आमच्याकडे नऊ वर्षे होत्या. पहिले काही महिने घमेल्यात हात घालण्यापूर्वी त्या क्षणभर थांबत, मला दिसे. मग एके दिवशी थांबेनाशा झाल्या. तो दिवस माझ्या ध्यानात राहिला आहे.

खंडेनवमीला आपण हत्यारे पुसून पूजतो, विळी-सुरीलाही हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी दरवर्षी घरातली सारी पाती मोजावी, मुठी तपासाव्या, म्याने बदलावी, असे मला सुचवावेसे वाटते. आणि घरातल्या पुरुषांना, मुलांनाही त्या जागा दाखवाव्यात. नियम एकटीने पाळून भागत नाही.

जाता जाता एक घरचा अहेर. परवा अल्पोपाहाराच्या तयारीसाठी मी आपल्या मंडळाचे कपाट उघडले. वरच्या फळीवर कापडी पिशवीत, किसण्या आणि झाऱ्यांच्या संगतीत, चार उघड्या सुऱ्या होत्या! त्यांची म्याने मी करून आणली आहेत, ती अध्यक्षीणबाईंच्या स्वाधीन करते. सभा संपली की प्रथम ती चढवू, मग चहा घेऊ.